जवळची वाट उत्तरेकडून

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला लागला तेव्हा गोव्यातल्या आमच्या अख्ख्या मोरजी गावाला आनंद झाला. मीही घरोघर पेढे वाटले, पण पोटात नुसती आग होती. कारण पृथ्वी गोल आहे म्हणजे नेमकं काय, हे त्याला मी शिकवलं होतं.

तो दहावीला भूगोलात गटांगळ्या खात होता आणि मी बी.ए.ला भूगोल घेतला होता. परसात तोरंजाचं झाड होतं. तोरंज म्हणजे आपलं पपनस. एक तोरंज सोलून मी त्याच्यापुढे ठेवलं. देठापासून खालपर्यंत जाणाऱ्या फोडींच्या रेघा ही रेखावृत्तं, एवढं त्याला पटलं. मग मधल्या घेरापासून थोडं वर, एकमेकींपासून बऱ्याच लांब अशा दोन टाचण्या टोचून मी त्यांच्यात दोरा ताणला. दोरा आडवा राहिना. सरकत सरकत देठाकडे वर गेला.

"हीच जवळची वाट," मी म्हटलं. "आणि बघ, प्रत्येक फोडीची रेघ तो वेगळ्या कोनात ओलांडतो. म्हणजे होकायंत्रावरची दिशा जराजराशी बदलत गेलास, तरच जवळून जाशील. एकच दिशा धरून बसलास तर भिंतीवरच्या नकाशात रेघ सरळ दिसेल, पण वाट लांबेल."

त्याने मान डोलावली आणि विचारलं, "ताई, आता खाऊ?" टाचण्या काढल्या आणि माझी पृथ्वी मिठाला लावून खाल्ली.

बोटीवरच्या प्रशिक्षणाची जाहिरात पेपरात आधी मीच पाहिली. 'पुरुष उमेदवार' हे शब्द मी दोनतीनदा वाचले, जणू वाचून ते बदलणार होते. मग जाहिरात कापून त्याला दिली. तो मुंबईला गेला आणि मी डिचोलीला एका मराठी शाळेत भूगोल शिकवू लागले. वर्गाच्या खिडकीतून सुर्ल्याहून येणारे ट्रक दिसायचे. सुर्ल्याच्या खाणींतली लोखंडाची लाल माती ट्रकातून नदीतल्या बार्जमध्ये, बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तिथून जपानला जायची. मला त्या मातीचासुद्धा हेवा वाटायचा. तिला कुणी 'पुरुष उमेदवार' अशी जाहिरात दाखवली नव्हती.

आमच्या घरी एक रीत होती. घरातलं माणूस परमुलखात असलं की तुळशीपुढे नारळ ठेवायचा आणि त्याची शेंडी त्या माणसाच्या दिशेला करायची. पूर्वी परमुलूख म्हणजे फार तर बेळगाव किंवा मुंबई, त्यामुळे कुणाला अडचण आली नव्हती. आता भाऊ पृथ्वीभर फिरू लागला. मी रविवारी डिचोलीहून घरी आले की आई नारळ हातात घेऊनच उभी असायची. मी कशी आहे, जेवले का, हे नंतर. आधी, "आता खंय आसा गो तो? शेंडी खंय करू?"

एकदा तो जपानहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला निघाला होता. आईने शेंडी परस्पर पश्चिमेला केली, कारण समुद्र तिकडे आणि बोट समुद्रातच असणार. शाळेच्या नकाशातही अमेरिका डाव्या हाताला असते, म्हणून शेजारच्या मंडळींनी तिचीच री ओढली. मी मात्र आदल्या दिवशी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून आले होते. आमच्या गोव्यापासून अमेरिकेचा तो किनारा जवळ पडतो तो जवळजवळ सरळ उत्तरेकडून, ध्रुवाच्या बाजूने. मी नारळ फिरवला आणि शेंडी उत्तरेच्या काजूच्या डोंगराकडे केली.

"थंय तर डोंगर आसा!" आई म्हणाली. "बोट काय डोंगरावयल्यान वतली?"

शेजारणी खो खो हसल्या. मास्तरीणबाई डोंगरावरून बोट नेतात, हे पुढे कितीतरी दिवस गावात चाललं.

भाऊ रजेवर आला तेव्हा आईने निवाडा त्याच्यावर सोपवला. त्याने काय करावं? परसातलं तोरंज आणलं, सोललं, दोरा ताणला. बोट काही ध्रुवावरून जात नाही, तो म्हणाला, पण आई, जवळची वाट ताई म्हणते तीच. आम्हीसुद्धा जपानहून निघताना आधी ईशान्येला वर चढतो, मग पूर्वेला वळतो, मग आग्नेयेला उतरतो. माझाच दोरा, माझंच तोरंज, माझीच वाक्यं. फक्त 'आम्ही' हा शब्द त्याचा होता, आणि तेवढाच मला हवा होता. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "कितलो हुशार जालो गो माजो झील!" मी आत जाऊन चहा टाकला. साखर घातली की नाही, ते आठवत नाही.

मग त्याचं लग्न झालं. मुलगी डिचोलीच्या एका व्यापारी घरातली होती, गोरी, कमी बोलणारी, आणि मांडवीतली फेरीबोट हलली तरी डोळे मिटून घेणारी. अधिकाऱ्यांना बायकोला बोटीवर न्यायची मुभा होती. मी गमतीत विचारल्यासारखं विचारलं, "बहीण चालते का रे?"

"बायको चालते ताई," तो म्हणाला. "बहीण नाही चालत."

गंमत नव्हती ती. मला एकदाच, एकच सफर, त्या बोटीवर जायचं होतं आणि दिशा बदलताना बघायची होती. ते जिला नको होतं, ती गेली.

ती परत आली ती गणपतीच्या तोंडावर, वाळलेली आणि सुगंधी साबणांच्या वड्यांसकट. मी तिला गाठलंच. रोज किती अंशांनी वळत होता? घड्याळ रोज कितीसं पुढे सारत होता?

"कोण जाणे वन्सं," ती म्हणाली. "मी खोलीत पडून ओकत होते. पण एक सांगते, माझे हाल झाले ते श्रावणात. सोमवारचा उपास केला, सकाळी उपास सोडायला उठले तर हे म्हणतात, आज परत सोमवार! म्हटलं, चेष्टा करता? तर खरंच सोमवार. म्हणजे परत उपास! दोन दिवस केळ्यांवर काढले."

सगळे पोट धरून हसले. मी हसू शकले नाही. पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली की तोच वार पुन्हा येतो, हे मी दरवर्षी फळ्यावर तुटक रेघ काढून शिकवत आले होते. पोरांना खोटं वाटायचं. आणि हिला तो अख्खा जादा दिवस फुकट मिळाला होता आणि तिने तो उपाशीपोटी, कुरकुरत घालवला होता. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. इतका हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नसेल.

गोवा घटकराज्य व्हायच्या आधीचे ते दिवस. कोंकणी की मराठी यावरून रस्ते अडवले जात होते, झाडं आडवी पडत होती. घरात कोंकणी बोलणारी आणि शाळेत मराठी शिकवणारी मी दोन्हीकडून टोमणे खात होते. अशाच एका बंदमुळे शाळेला सुट्टी असताना भावाची बोट खनिज भरायला मुरगावला लागली. तो आता मार्ग आखणारा अधिकारी झाला होता. भावजय पुन्हा त्याच्याबरोबर जाणार होती. बंदराचा पास काढून मी तिला पोचवायला गेले, म्हणजे निमित्त तिचं होतं.

वरच्या काचेच्या खोलीत नकाशाचं टेबल होतं. भावाने दोन नकाशे पसरले. एकावर जवळची वाट सरळ रेघ म्हणून दिसते. तिच्यावरचे बिंदू उचलून दुसऱ्यावर मांडायचे आणि छोट्या छोट्या सरळ रेघांनी जोडायचे. प्रत्येक रेघेची होकायंत्रावरची दिशा वेगळी. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने पट्टी आणि पेन्सिल पुढे केली. "बघ ताई, जमतं का."

मी जपान ते अमेरिका आखलं. रेघ कुठेही थरथरली नाही. कमान वर चढली, पूर्वेला वळली, खाली उतरली. मी मान वर केली तेव्हा कप्तान मागे उभा होता. रत्नागिरीकडचा माणूस, मराठी बोलणारा. त्याने वाकून रेघा तपासल्या.

"वा! भावाने चांगलं शिकवलंय की."

भाऊ हसला. "हो सर," म्हणाला.

मी पेन्सिल खाली ठेवली. तेवढ्यात दाराशी बसलेली भावजय उठली. आधीच पिवळी पडली होती, बोट अजून धक्क्यालाच होती तरी.

"उलटं आहे सर," ती म्हणाली. "ह्यांना वन्संनी शिकवलं. तोरंज घेऊन. मी आजारी पडले की हे तीच गोष्ट सांगत बसतात."

कप्तान मोठ्याने हसला. भाऊ लाल झाला आणि नकाशा गुंडाळू लागला.

माझा मत्सर तिथे संपायला हवा होता. तो संपला नाही, उलट आणखी भडकला. खाली उतरायची वेळ झाली. भावजय कठड्याला घट्ट धरून उभी होती, माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मी शिडी उतरू लागले. आता तर सगळ्यांना खरं ठाऊक होतं. मग ती वर आणि खाली उतरणारी मी का?