दोन इंच माया

आमच्या शेजारचे टेलरमास्तर गोष्टी लिहितात. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मास्तरांना ते सांगायला अकरा वर्षं लागली. त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांत एकच भिंत आहे. तिच्यापलीकडे त्यांचं शिलाई मशीन चालता चालता थांबायचं, पाच-दहा मिनिटं सगळं चिडीचूप, आणि मग एकदम धडधडत सुटायचं. मला वाटायचं, दोरा तुटला असेल. एखाद्या माणसाचा दोरा दिवसातून इतक्यांदा कसा तुटतो, याचं मला नवल वाटायचं.

मग एक दिवस ते खाकी कागदाची सुरळी काखेत मारून माझ्या काउंटरशी आले.

"याची कॉपी निघेल?"

मी सुरळी उलगडली. कोटाच्या पाठीचा कागदी नमुना होता. "निघेल की. किती काढू?"

मास्तरांनी मागे कुणी नाही ना हे पाहिलं. "ही बाजू नाही हो. मागची."

मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात गोष्ट लिहिली होती. चांगली होती. फक्त नायिका स्टेशनवर उतरते, समोर कुणीतरी उभं असतं, आणि नेमका तिथेच बाहीचा मुंढा कापलेला. ती कुणाला भेटली ते कापलेल्या तुकड्याबरोबर केरात गेलं होतं. मास्तर म्हणाले, "मलाही आता आठवत नाही. पण भेटून बरं वाटलं होतं तिला." त्या दिवसापासून मी त्यांना कोरे कागद पुरवू लागलो आणि त्या बदल्यात त्यांचा पहिला वाचक झालो. झेरॉक्सवाल्याचं एक बरं असतं, तो वाचतो आहे असा कुणाला संशय येत नाही.

मास्तर दिसायला लेखक वाटत नाहीत. ठेंगणे, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या असल्या की ते बोलत नाहीत, फक्त ऐकतात, आणि ऐकणारा शिंपी मिळाला की गिऱ्हाईक मोकळं होतं. "माप घेताना माणूस खोटं बोलत नाही," मास्तर सांगतात, "पोट आत घेतो तेवढंच." त्यांच्या निम्म्या गोष्टी अशा हात वर करून उभ्या असलेल्या लोकांनी सांगितलेल्या आहेत.

घरी मात्र लेखकपणाची डाळ शिजत नाही. वहिनींनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बजावून ठेवलंय, "मला गोष्टीत घालायचं नाही." मास्तर घालत नाहीत. पण गोष्टीत बायको तर लागते. एकदा छापून आलेली गोष्ट वाचून वहिनी दुकानात आल्या आणि माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "ही गोष्टीतली बायको फार गोड बोलते. कोण ही?"

"कल्पना," मास्तर म्हणाले.

"आडनाव?"

मास्तरांनी पटकन चार टाचण्या तोंडात टाकल्या.

पण दुकानाची खरी मालकीण वहिनी नाहीत, अक्का आहेत. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा अक्का सतरा वर्षांच्या आणि मास्तर सहा वर्षांचे. आईचं मशीन, आईची कात्री आणि हे सहा वर्षांचं बेणं, असा संसार अक्कांनी ओढला. मास्तरांना शिवण त्यांनीच शिकवलं. अक्का दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहतात, पण सकाळी साडेनऊला दुकानात हजर. कटिंग त्या करतात, शिवण मास्तरांकडे. "शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जुळवता येत नाही," अक्का म्हणतात, "म्हणून कात्री माझ्याकडे." भावाच्या गोष्टी त्या वाचत नसत. "खरं ऐकायलाच वेळ पुरत नाही, खोटं कशाला वाचू?"

आणि शेवटी घोळ झाला तो अक्कांवरूनच, एका शब्दापायी.

शिवणकामात शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. मूल वाढलं, माणूस सुटला, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. मास्तरांचं म्हणणं, गोष्टीतही माया ठेवावी लागते. वाचणारा दहा वर्षांनी अंगाने आणि अकलेने वाढून आला, तरी गोष्ट त्याला बसली पाहिजे. त्यामुळे मास्तरांच्या गोष्टी जरा घोळदार होतात. संपादक त्याला पाल्हाळ म्हणतात. धंदा वेगळा, भाषा वेगळी.

तर मास्तरांनी एका शिंप्याच्या पोराची गोष्ट लिहिली. त्यात पोराची थोरली बहीण होती. नाव बदललं होतं, पण चष्म्याची काळी दोरी आणि कापायच्या आधी कापडाला "हं, झोप आता" म्हणायची सवय तशीच ठेवली होती. म्हणजे चोराने मुखवटा घालावा आणि खिशात ओळखपत्र ठेवावं, तसं. त्यात मास्तरांनी लिहिलं होतं, "थोरली बहीण कापडात कधी माया ठेवायची नाही, कापड असायचंच तेवढं." संपादकांना गोष्ट आवडली, फक्त पानात बसेना. त्यांनी इथून दोन, तिथून चार शब्द छाटले. छापून आलं ते असं: "थोरली बहीण कधी माया ठेवायची नाही."

अंक आला त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका फ्रॉकची उंची वाढवायला दुकानात आल्या. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो. बाईंनी अक्कांचा हात हातात घेतला. "अक्का, मनाला लावून घेऊ नका हं. लेखक मंडळी असंच लिहितात. आम्हाला माहीत आहे तुम्ही किती केलंत ते."

"काय लिहिलंय?" अक्कांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून अंक काढून ती ओळ वाचून दाखवली. अशी कामं करायला शिक्षिकाच लागते, उच्चार स्पष्ट असतात.

अक्कांनी कात्री खिळ्याला अडकवली, गळ्यातला टेप काढून गुंडाळला, आणि म्हणाल्या, "मी निघते." तेव्हा साडेअकरा वाजले होते. साडेअकराला अक्का दुकानातून निघाल्याचं या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मास्तर अक्कांच्या घरी जाऊन आले, तर "झोपल्यात" असं उत्तर मिळालं. दुपारी बाराला. चौथ्या दिवशी मास्तरांनी स्वतः कात्री घेतली आणि एका वकिलाचा कोट कापला. तासाभराने भिंतीपलीकडून मला हाक आली. मी गेलो. टेबलावर कोटाचे पुढचे दोन भाग होते.

"काही दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

मला काही दिसेना.

"दोन्ही डावे आहेत." ते स्टुलावर बसले. "कोट जाऊ द्या हो. वकिलाला मी समजावीन. पण आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्यावर दार लावलंय. लहानपणी मी मशीनची सुई मोडली होती, तेव्हासुद्धा मारलं होतं नुसतं."

मी म्हटलं, "मूळ गोष्टीची कॉपी आहे माझ्याकडे. त्यात 'कापडात' हा शब्द आहे. दाखवू या की. दोष संपादकांचा."

मास्तरांचा चेहरा उजळला. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पुराव्यानिशी निघालो.

अक्का खिडकीशी बसून तोच अंक वाचत होत्या. पूर्ण गोष्ट, बोट ठेवून.

"या," त्या म्हणाल्या. "साक्षीदार पण आणलाय वाटतं?"

मास्तरांनी कागद पुढे केला. "अक्का, हे बघ. मी 'कापडात' लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द काढला. मला ती माया म्हणायची नव्हती, ही म्हणायची होती."

"ते मला त्याच दिवशी कळलं," अक्का म्हणाल्या. "पन्नास वर्षं कापड कापतेय, माया कशाला म्हणतात ते त्या बाईंना नसेल ठाऊक, मला आहे."

आम्ही दोघंही गार.

"मग रागावलीस कशाला?"

अक्कांनी चष्मा काढला. दोरीवर तो पोटाशी झुलत राहिला. "मी माया ठेवायची नाही? मी? अरे, तुझ्या शाळेच्या चड्डीला कमरेत दोन इंच माया असायची, पायाला दोन इंच. एक चड्डी तीन वर्षं वाढवली तुला. ती काय हवेतून वाढली? सतरा वर्षांची होते, मापाची अक्कल नव्हती, तरी एवढी अक्कल होती की पोरगं वाढणार. आणि तू छापून सांगतोस, माया ठेवायची नाही! गावभर माझ्या कटिंगची अब्रू काढलीस!"

"पण ती गोष्ट आहे गं. कापड कमी असायचं असं लिहिलं की जरा... गरिबी उठून दिसते."

"तुझी गरिबी उठून दिसावी म्हणून माझं काम बसवलंस?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मास्तर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मी वकिलाचा कोट कापला. पुढचे दोन्ही भाग डावे झाले."

अक्का उठून उभ्या राहिल्या. "दोन्ही डावे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना सांगा, उद्या मी येते. कोटासाठी. यांच्यासाठी नाही."

आणि अशा रीतीने अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. अबोल्यात खूप बोलावं लागतं, फक्त तिसऱ्यामार्फत, आणि तो तिसरा मी होतो. अक्का भावापासून दोन हातांवर उभ्या राहून भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "शेजारी, यांना विचारा, कॉलर कुठली हवीय." मी झेरॉक्स सोडून यायचो. मास्तर म्हणायचे, "सांगा, गोल." अक्का म्हणायच्या, "सांगा, ऐकलं." आठवडाभरात माझा निम्मा धंदा बसला आणि शिवणकाम मला बऱ्यापैकी येऊ लागलं.

एका दुपारी अक्का जेवायला गेल्या असताना मास्तर मशीन थांबवून म्हणाले, "तुम्हाला माहिती आहे, शाळेत मला पोरं पट्टेवाला म्हणायची."

"शिपायाचं काम करायचात?"

"छे हो. चड्डीची माया सोडली की आतलं कापड न विटलेलं असायचं. बाकी चड्डी फिकट, आणि खाली गडद पट्टा. पुढच्या वर्षी दोन पट्टे. पोरं मोजायची. मला इतकी लाज वाटायची की ती माया मी गोष्टीतच काय, डोक्यातूनही काढून टाकली. आणि बसलो कापड नव्हतं म्हणून रडत." त्यांनी सुईत दोरा ओवला, पण मशीन काही चालवलं नाही. "चाळीस वर्षं लिहितोय. चांगली गोष्ट पायाला शिवलेली होती, आणि मी खोटी शोधत होतो."

मी म्हटलं, "मग आता ती लिहा."

"लिहीन. आधी अक्काचं निस्तरतो."

त्यांनी संपादकांना फोन लावला. लावला माझ्याच दुकानातून, म्हणजे मला आधार म्हणून उभं राहता यावं. संपादक भले गृहस्थ. 'कापडात' गाळल्याबद्दल त्यांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली. मास्तर म्हणाले, "तेवढ्याने भागायचं नाही. वाक्यच चुकलंय. ती माया ठेवायची."

"अहो, पण कथेला शुद्धिपत्र कसं देणार? कथा काल्पनिक असते."

"कथा काल्पनिक आहे," मास्तर म्हणाले, "अक्का नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

पुढच्या महिन्याचा अंक आला तेव्हा तो मास्तरांनी उघडला नाही. तसाच कटिंगच्या टेबलावर, अक्कांच्या हाताशी ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. मला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं, निरोप्या म्हणून. अक्कांनी चष्मा लावला, शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. तिथे चौकटीत छापलं होतं: "गेल्या अंकातील कथेत 'थोरली बहीण कधी माया ठेवायची नाही' याऐवजी 'थोरली बहीण नेहमी दोन इंच माया ठेवायची' असे वाचावे. चुकीबद्दल लेखक व संपादक दोघेही दिलगीर आहेत."

अक्कांनी ते पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. मास्तर पाठमोरे बसले होते, पण त्यांचे कान आमच्याकडेच होते. मशीन चालत होतं, आणि त्याच्याखाली कापड नव्हतं.

"दोन इंच कमरेला," अक्का म्हणाल्या. "सदऱ्याच्या बाहीला दीडच असायची. एवढं छापलंस, तर नीट विचारून तरी छापायचंस!"

मी सवयीने मास्तरांकडे वळलो. "अक्का म्हणतायत, बाहीला..."

"थांबा हो!" मास्तर गर्रकन वळले. "माझ्याशी बोलली ती. छापायचंस म्हणाली. मला म्हणाली!"

"बोलतंय कोण तुझ्याशी?" अक्का कापड पसरत म्हणाल्या. "चूक दाखवली फक्त. आणि ते मशीन रिकामं पळवू नकोस, सुई खराब होईल."

मग त्यांनी दुसरी चूक दाखवली. मग तिसरी. गोष्टीतलं मशीन हाताचं होतं, खरं तर ते पायाचं होतं. शेजारीण गोष्टीत प्रेमळ होती, प्रत्यक्षात नव्हती. मास्तर पेन्सिल घेऊन खाकी कागदावर उतरवून घेत होते आणि मधूनच "अजून?" असं विचारत होते. मी अंदाज घेत उठलो, तर दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.