दर मीटरला किती व्होल्ट

माझ्या धाकट्या बहिणीने गुडगावात फ्लॅट घेतला तेव्हा आम्हाला तिचा थोडा हेवाच वाटला होता. मी आणि माझा नवरा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, दिल्लीतल्या ओल आलेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे. मी विजेच्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. बहिणीच्या नवऱ्याने मात्र सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली होती. मोहरीच्या शेतांमधून तेव्हा नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं.

इमारतीच्या बाजूने हाय टेन्शनच्या तारा गेल्या होत्या. धुक्याच्या सकाळी त्यांचा गुंजारव घरात ऐकू यायचा. गच्चीवर कपडे वाळत घालताना लोखंडी तारेला हात लागला की झिणझिण्या यायच्या. माझी भाची, तेव्हा पहिलीत, मुद्दाम बोट लावायची आणि हसायची.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप येऊ लागला. मग अंगावर निळे डाग उठले. ब्लड कॅन्सर निघाला. कशामुळे झाला, असं बहिणीने डॉक्टरांना विचारलं. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण सापडत नाही, असं ते म्हणाले. हे उत्तर तिला पटलं नाही. इस्पितळातून घरी आली की ती बाल्कनीचं दार उघडून तारांकडे बघत उभी राहायची. नवरा म्हणायचा, दार लाव, पोरीला गारठा लागेल.

तिने सोसायटीत तक्रार केली, तेव्हा बिल्डरचा माणूस मीटर घेऊन आला. सगळ्यांसमोर गच्चीवर मोजलं. आकडा आला दोन. मग त्याने छापील कागद दाखवला: सुरक्षित मर्यादा पाच हजार. लोक समाधानाने खाली उतरले. पाच हजारांपुढे दोन म्हणजे काय, काहीच नाही.

बहीण तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, मीटरवर आकड्याशेजारी काय लिहिलं होतं? तिला आठवत होतं. केव्ही आणि एम.

"म्हणजे किलोव्होल्ट दर मीटर," मी म्हणाले. "आणि कागदावर नुसते व्होल्ट दर मीटर आहेत. मीटरवरचे दोन म्हणजे कागदावरचे दोन हजार."

ती खुर्चीवरून उठली. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका जिवंत मी पाहिला नव्हता. रागवायला कुणीतरी सापडलं होतं. मी लगेच सांगितलं की दोन हजार हेसुद्धा पाच हजारांच्या आतच आहेत. तारांच्या चुंबकीय क्षेत्राबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, हेही सांगितलं. पण तिच्या कानावर फक्त दोन हजार पडले होते. मुलीच्या खोलीत येऊन मोज, एवढंच ती म्हणत राहिली.

साहेबांची परवानगी काढून मी प्रयोगशाळेतलं मीटर घेऊन गेले. गच्चीवर आकडा बिल्डरच्या माणसाच्या आकड्याजवळच आला. बाल्कनीत कमी. मग आम्ही भाचीच्या खोलीत गेलो. केस गेलेलं डोकं उशीवर टेकवून ती झोपली होती. मी मीटर पलंगापाशी धरलं.

"किती?" बहिणीने विचारलं.

"बारा. बारा व्होल्ट. भिंती अडवतात गं, आत फारसं येत नाही."

"किलोव्होल्टमध्ये?"

"शून्य पॉइंट शून्य एक दोन."

तिने मान हलवली. "असं नको. छोट्या युनिटमध्ये सांग, ताई. मोठा आकडा येईल असं."

मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिलिव्होल्टमध्ये बारा हजार."

"बारा हजार," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"तेच आहे गं ते. काही बदललं नाही."

"माहीत आहे मला. मीही बीएस्सी झालेय." थोडा वेळ ती मुलीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. "पण बारा व्होल्टवर मी काय करू, सांग ना. टॉर्चच्या सेलवर कुणी भांडतं का?"

मी मीटर बंद करून पेटीत ठेवलं. खोलीत तिच्या नवऱ्याचा चहा तसाच गार होत पडला होता. तो दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने मला बस स्टँडपर्यंत सोडलं आणि वाटेत फक्त एवढंच विचारलं, की तारा नसत्या तरी हे झालं असतं का. मी सांगितलं, मला माहीत नाही. त्याला ते उत्तर चाललं, किंवा त्याने चालवून घेतलं.

बिल्डरला मी चुकीच्या एककाबद्दल पत्र पाठवलं. नोटीस बोर्डावर दुरुस्त केलेला कागद लागला. तो कुणी वाचला असेल, असं वाटत नाही.

होळीच्या आधीच भाची गेली. आमची आई पुण्याहून आली होती, ती तेराव्यापर्यंत राहिली आणि पूर्ण वेळ तिने स्वयंपाकघर सोडलं नाही.

बहिणीला त्या घरात राहायचं नव्हतं. नवऱ्याने फरीदाबादला बदली मागून घेतली. फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं, बाईच्या कडेवर तान्हं बाळ. मी त्या दिवशी तिथेच होते. बहिणीने त्यांना बाल्कनीत नेलं आणि हिंदीत सगळं सांगितलं, तारा, झिणझिण्या, मुलगी. तिचा नवरा तिला अडवत होता, पण ती थांबली नाही. त्या बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, सर्दियों में यहाँ धूप कब तक रहती है?

बहिणीने सांगितलं, चार वाजेपर्यंत.