चेनकव्हरचा गेलेला रंग

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, बहिणीला तर न्हाईच. मग आता का सांगून राहिलो? माहीत नाही. थकलोय, एवढंच.

नांदेडला बहिणीकडं बाबांची जुनी काळी सायकल आहे. तिनं पेंटरला बोलावलं. तो म्हणतो, सगळं घासून नवा रंग मारू, न्हाईतर जुनाच ठेवून नुसता तेलाचा हात फिरवू. काय ते एकदा ठरवा. बहीण माझ्याकडं बघते — दादा, तू थोरला, तू सांग. चेनकव्हरवरची एक पट्टी पार पत्र्यापर्यंत उघडी पडलीय. तिच्यावरनं ती हात फिरवते. म्हणते, बाबांच्या पँटीनं घासलेलं हाय हे.

पँटीनं? पँटीनं पत्र्यावर असे ओरखडे उठतात का हो?

त्या पट्टीवर बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं — जय भीम. पांढऱ्यावर निळं. वेलांटी जरा लांबच गेली होती, आणि तिचंच त्यांना लई कौतुक. मी लातूरला शिकायला गेलो, तेव्हा भोकरहून यष्टीच्या टपावर टाकून सायकल त्यांनीच आणून दिली. स्वतः मात्र पायी कामावर जाऊ लागले.

घरमालकानं आडनाव विचारलं. मी भोकरकर सांगितलं. गावाचं नाव लावलं, त्यात खोटं काय? — असं तेव्हा वाटलं. खोली मिळाली. पण सायकल तर मालकांच्याच अंगणात लावायची होती. मग... भरदुपारी, मालक जेवून झोपलेले, मी दाढीचं पातं घेऊन बसलो. आधी निळा गेला, मग पांढरा. घाई होती, तरी नीट घासत होतो.

कुणी काही म्हटलं होतं का मला? छे! कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. भ्यालो मी. माझा मीच.

पुढं बाबा भेटायला आले. चेनकव्हर बघितलं, त्यावर अंगठा फिरवला. मी म्हणालो, स्टँडवर घासलं. ते म्हणाले, "हाव. रंगच हलका व्हता." बहीण तेव्हा लहान होती. तिला घरी जाऊन त्यांनी निराळंच सांगितलं — माझ्याच पँटीनं घासून गेलं म्हणे.

परवा पेंटरनं पुन्हा विचारलं. नवा रंग मारला तर माझे ओरखडे बुजतील. तसंच ठेवलं तर बहीण रोज त्यावरनं हात फिरवणार. मी म्हणालो, राहू द्या तसंच. तिचे डोळे भरून आले. बाबांवर किती जीव तुझा, म्हणाली. मी पेंटरला तेलाचा हात फिरवायला सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. बाबा कुणाच्याही दारात गेले की आधी खणखणीत जय भीम घालायचे, मग चपला काढायचे. त्या दिवसानंतर माझ्या खोलीवर जेव्हा जेव्हा आले, तेव्हा दारात उभे राहून नुसते खाकरायचे.