फाटकावर गप्प झालेली गाडी

भीमराव नातीसकट रुळावर गाडी उभी करून जीव द्यायला निघाला होता, ही बातमी बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भीमराव स्वतः घरी यायच्या आधी येऊन बसली होती. बनूबाईनं ती तळमजल्यावर सांगितली तेव्हा बातमीत नुसते भीमराव आणि नात होती. जिना चढून वर जाईपर्यंत विषाची बाटली आली आणि सुनेचा छळही आला. भीमरावाला सूनच नाही, एकुलती एक मुलगी आहे. पण असल्या किरकोळ अडचणीनं बनूबाई कधी अडत नाही.

जीव द्यायचं सोडाच. त्या सकाळी भीमराव आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी जपून गाडी चालवत होता. आणि घात होता होता राहिला तो नेमका त्या जपण्यापायी.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात भीमराव जीप चालवायचा. जुनी, डिझेलची. मागं पेंढ्यात बसवलेल्या ॲसिडच्या मोठाल्या काचेच्या बरण्या, आणि एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत नुसते खड्डे. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरनं एकदा क्लच झटक्यात सोडला, आणि बरणी फुटून ॲसिड त्याच्या पायावर सांडलं होतं. तो माणूस पुढं कारखान्याच्या गेटवर स्टुलावर बसून असायचा, पाय फडक्यात गुंडाळून. भीमराव रोज त्याला ‘जय भीम’ घालून आत शिरायचा, त्या फडक्याकडं एकदा बघायचा, आणि जीप वरच्या गिअरला टाकून वरातीच्या चालीनं हाकायचा. डिझेलचं इंजिन ते सोसायचं. कितीही हळू फिरलं तरी ते आपलं गुरगुरत ओझं ओढत राहायचं. नोकरी संपेपर्यंत भीमरावाच्या हातून एक बरणी फुटली नाही.

पण तो स्वभाव कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येतो थोडाच! हा माणूस घराचं दार असं लावतो, की जणू दारच झोपलंय. चहाचा कप बशीत ठेवतो तर आवाज नाही. शिंक आली तर बाल्कनीत जातो. गयाबाई, त्याची बायको, भांडताना एकटीच दोघांचं बोलते, कारण हा बोलतच नाही. “अहो, एकदा तरी ओरडा की, म्हणजे मला जिंकल्यासारखं वाटेल!” असं ती भर दुपारी म्हणाली होती, आणि ते खालच्या पानवाल्यानंसुद्धा ऐकलं होतं.

निवृत्तीनंतर भीमरावानं जुनी आठशे सीसीची गाडी घेतली. छोटी, पेट्रोलची, पांढरी. पहिल्या रविवारी सगळी बिल्डिंग गॅलरीत. भीमरावानं गाडी सुरू केली, कोपऱ्यावर पोचायच्या आत एकामागून एक सगळे गिअर वर चढवले, आणि गाडी अशी चालली की पुढच्या सायकलवाल्यानं मागं वळून बघितलं, हा माझ्या मागावर तर नाही ना!

आवाज सुरू झाला तो तेव्हापासून. चढ आला, स्पीडब्रेकर आला, की बॉनेटच्या आतून कट्‌ कट्‌ कट्‌. आत कुणाला कोंडलंय आणि ते बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवतंय असं वाटावं. मग गाडीला हुडहुडी भरायची, सीट थरथरायची, आरशातला भीमराव हलायचा. गयाबाई पदर तोंडाशी धरून म्हणायची, “अहो, आत कोण आहे हो?”

“कुणी नाही. थंड आहे इंजिन.”

“उन्हाळा चाललाय.”

बिल्डिंगनं अर्थातच दुसरं कारण शोधलं. या गाडीचा आधीचा मालक स्टिअरिंगवरच गेला, असं बनूबाईला कुणीसं सांगितलं. कुणी, ते तिला आठवेना. लोक गाडीच्या बाजूनं जाताना चप्पल न वाजवता जाऊ लागले.

उल्हासनगरच्या बाजारात, फर्निचरच्या दुकानांसमोर, गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा गर्दीत, रांगत असताना. दुसऱ्यांदा ढकलून ज्यांच्या दारात नेली ते टेकचंद नावाचे सिंधी गॅरेजवाले निघाले. त्यांनी भीमरावाच्या शेजारी बसून बाजाराला एक वळसा घातला. उतरले तेव्हा हसत होते, पण भीमरावाच्या खांद्यावरचा हात घट्ट होता.

“साईं, ये तुम्हारी डिझल जीप नहीं है. छोटा पेट्रोल इंजिन है. नीचे इसमें दम ही नहीं. दम ऊपर आता है, घूमने दो तब. टॉप गिअर में रेंगोगे तो ठोकेगा, कांपेगा, मर जाएगा. गिअर नीचे लो, पाँव दो, चिल्लाने दो उसको.”

“ओरडली की मागचं सांडतं,” भीमराव म्हणाला.

“पीछे क्या है तुम्हारे?”

भीमरावानं मागं बघितलं. सीट रिकामी होती. घरी येताना त्यानं टेकचंदच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या गिअरला पाय देऊन बघितला. इंजिन किंचाळलं, आणि भीमरावाच्या डोळ्यांपुढं तो फडक्यातला पाय उभा राहिला. त्यानं लगेच गिअर वर टाकला. कट्‌ कट्‌ कट्‌.

पुढं वेणू, त्याची मुलगी, उल्हासनगरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. “आबा, बाळाला तुमच्याच गाडीतून घरी न्यायचं,” असं वेणूनं खाटेवरून सांगितलं, आणि भीमरावाचा ऊर असा भरला की त्याला बोलता येईना. नाहीतरी तो बोलत नव्हताच म्हणा. त्यानं मागच्या सीटवर गोधडी पसरली, तिच्या कडेनं उशा लावल्या. बरणीला पेंढा लावतात तशाच.

त्या सकाळी आभाळ गढूळ होतं. एमआयडीसीकडून पिवळट वास येत होता. मागं टाके पडलेली वेणू, तिच्या शेजारी गयाबाई, गयाबाईच्या मांडीवर बाळ. भीमराव असा निघाला की गाडी निघाली हेही कळू नये. अंबरनाथ मागं पडेपर्यंत आतला ठोका थांबला नाही. गयाबाई दोनदा म्हणाली, “रिक्षा करू या का हो?” तिसऱ्यांदा तिनं बाळाच्या कानावर हात ठेवला.

बदलापूरचं फाटक उघडं होतं. रुळांपर्यंत थोडा चढ, मग लोखंडाचे खडबडीत दणके, मग उतार. पुढं टेम्पो, मागं रिक्षांची झुंबड. चढावर भीमरावानं गिअर खाली घ्यायला हवा होता. त्याचा हात गिअरच्या दांड्यापर्यंत गेलासुद्धा. पण मागं बाळ होतं. किंचाळी नको, हिसका नको. त्यानं वरच्याच गिअरला गाडी अलगद रुळांवर घेतली.

ठोका वाढला. गाडीला हुडहुडी भरली. आणि मग सगळं थांबलं.

इतकी शांतता, की फाटकाची घंटा वाजू लागली ती गाडीतच वाजतेय असं वाटलं. बाळानं तेव्हा पहिल्यांदा टाहो फोडला.

पुढचा टेम्पो निघून गेला होता. फाटकाचा दांडा थरथरत खाली येऊ लागला. भीमरावानं किल्ली फिरवली, इंजिन लागलं, त्यानं सवयीनं पाय न देता क्लच अलगद सोडला. बंद. गयाबाईनं दार ढकललं, ते कडेनं घुसलेल्या भाजीच्या हातगाडीला थटलं. हातगाडीवाला गाडी सोडून पळाला होता. फाटकवाला लाल झेंडा घेऊन धावत ओरडत होता. कर्जतच्या बाजूनं लांब शिट्टी आली, आणि भीमरावाच्या तळपायांना रूळ आधी कळले, मग कानांना.

“आबा!” वेणू म्हणाली.

गयाबाई पुढच्या सीटवर ओणवली आणि त्याच्या कानात ओरडली, “अहो, तुमच्या गाडीला ओरडू द्या! पाय द्या! पाय!”

भीमरावानं पहिला गिअर टाकला, किल्ली फिरवली, आणि जन्मात दिला नव्हता इतका पाय दिला. ती छोटीशी गाडी अशी किंचाळली की फाटकापलीकडच्या लोकांनी कान झाकले. क्लच सुटला. गाडी उडालीच. हातगाडी कलंडली, दांडा टपावर खरवडत गेला, आणि पलीकडच्या उतारावर ती थांबली तेव्हा मागून नुसता वारा आणि दणदणाट जात होता. भीमरावाचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेना. इंजिन रडत होतं. बाळ गप्प होतं. झोपलं होतं.

घरी आल्यावर कुणी भांडलं नाही. वेणू फक्त म्हणाली, “आबा, आता बाळाला रिक्षानंच नेत जाऊ.” ते मात्र भीमरावाला लागलं. जेवण तसंच राहिलं. त्या फडक्यातल्या पायाकडं बघून तो इतकी वर्षं ज्याला भ्याला, ते मागं कधी सांडलंच नव्हतं. जपता जपता रुळांवर मात्र सगळंच सांडायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगची झोपमोड सुरू झाली. भीमराव सकाळी सकाळी गाडी काढायचा आणि मागच्या चढावर एकटाच शिकायचा. गिअर खाली, पाय, चढ, परत. गयाबाई गॅलरीतून बघायची. मग एके दिवशी चहा घेऊन खाली गेली आणि शेजारी बसली. चढ गेला. ठोका आला नाही.

विहारात बाळाचं नाव ठेवायचं होतं तेव्हा वेणूच आपणहून मागं येऊन बसली. गाडी दुसऱ्या गिअरला चढावर लागली तशी सगळी बिल्डिंग गॅलरीत. बनूबाई गेटमध्ये आडवी उभी.

“काय हो भीमराव, केवढी बोंबलते तुमची गाडी! पोरगी दचकेल की!”

भीमरावानं काच खाली घेतली, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, “पोरगी आवाजाला दचकत नाही. त्या दिवशी गाडी गप्प झाली, तेव्हा रडली होती. आता बाजूला व्हा बनूबाई, मला चढावर थांबायचं नाही.”