फाट्यावरची पाच मिनिटं

त्याला सगळे भिंगरी म्हणत. नाव आईने ठेवलं होतं, कारण हा पोरगा जेवायलाही एका जागी बसायचा नाही. ताट एका खोलीत, पाणी दुसऱ्या खोलीत आणि हा तिसऱ्या. वयाबरोबर माणूस निवतो म्हणतात. भिंगरीने पन्नाशी ओलांडली तरी तो काही निवला नव्हता. आणि दैवाची थट्टा बघा, अशा माणसाच्या गळ्यात काम पडलं ते कवळ्या बनवायचं.

कवळी म्हणजे थांबत थांबत करायचं काम. मेणात एकेक दात बसवायचा, सगळं प्लास्टरमध्ये पुरून पितळी साच्यात बंद करायचं, मेण वितळवून काढायचं, त्या जागी हिरड्यांचा गुलाबी मसाला दाबून भरायचा आणि साचा पाण्यात उकळायचा. खरी मेख त्यानंतर आहे. तो साचा त्याच पाण्यात आपला आपण गार होऊ द्यायचा. चांगले तीन-चार तास. गरम असताना उघडलात की कवळी किंचित पीळ खाते. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात गेली की डुगडुगते. भिंगरीला काम शिकवणारा उस्ताद म्हणायचा, "अरे, दात दुसऱ्याचे, तोंड दुसऱ्याचं, मग घाई तुला कसली?"

घाई कसली ते भिंगरीलाही ठाऊक नव्हतं. पण त्याच्यावर त्याने एक उतारा शोधला होता. दर रविवारी तो मोटारसायकल काढून डोंगरात जायचा. रस्ता संपतो तिथून त्याची वाट सुरू व्हायची: दगड, ओढे, बैलगाडीच्या चाकोऱ्या, घसरती माती. पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून, गुडघ्यांत टाकी धरून सहा तास हाडं खिळखिळी करून घेतली की सोमवारी हात असे स्थिर व्हायचे की उस्तादानेही मान डोलवावी. सोबत असायचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो ग्रिल आणि फाटकं बनवायचा. दोघांचा नियम एकच होता, आणि डोंगरात गाडी घालणाऱ्या प्रत्येकाचा तोच असतो. पुढच्याने फाट्यावर थांबायचं. मागच्याचं हेल्मेट दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. पाच मिनिटांत दिसलं नाही, तर परत फिरायचं.

नऊ वर्षांपूर्वी दगडखाणीच्या फाट्यावर भिंगरी थांबला नाही. त्याला दुसरं काही कारण नव्हतं. समोर लाल मातीचा लांबलचक उतार होता, गाडी हातात लोण्यासारखी होती आणि 'येईलच तो' असं त्याला वाटलं. खाली चहाच्या टपरीवर त्याने दोन कप चहा प्यायला, मेव्हणा कंटाळून घरी गेला असेल म्हणाला आणि स्वतःही घरी आला. मेव्हणा दुसऱ्या वाटेने खाणीकडे गेला होता आणि खाणीच्या काठावरून खाली पडला होता. साडेअकराला पडला, तो सहाला एका मेंढपाळाला दिसला. पाय वाचला, पण डावा घोटा कायमचा आखडला. दोन तास आधी आणला असतात तर, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती.

त्या दिवशी बायको रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी चालवा नाहीतर विका. तुमच्या मागे मात्र मी आता कुणाला पाठवणार नाही."

ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. अपघाताआधी भिंगरी तिला रोज स्कूटरवरून सोडायचा. म्हणजे खाली उभा राहून हॉर्न वाजवायचा आणि ती वेणी घालत घालत जिना उतरायची. त्यानंतर तिने बस धरली. पहिल्या वर्षी तो रोज विचारायचा, "सोडू का?" ती म्हणायची, "बस बरी." मग त्याने विचारणं सोडलं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, संसार सुरळीत चालला होता. फक्त नऊ वर्षांत ती एकदाही त्याच्या मागे बसली नव्हती, आणि ते त्याला रोज सकाळी सव्वाआठला, ती बसथांब्याकडे निघाली की, खुपायचं.

मोटारसायकल मेव्हण्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली. रविवार रिकामे झाले आणि भिंगरीचा पाय कामाच्या स्टुलावर इतका हलायला लागला की टेबलावरच्या बाटल्या किणकिणायच्या.

एका मंगळवारी दुपारी मेव्हणा टेंपोतून गाडी घेऊन थेट त्याच्या कामाच्या खोलीसमोर येऊन उभा राहिला.

"कार्बोरेटर साफ केलाय, टायर नवे टाकलेत," तो म्हणाला. "माझ्या गाडीचा गिअरचा दांडा मी लांब करून घेतलाय, टाचेने पडतो. भावजी, रविवारी निघू."

"ताईला विचारलंस?"

"मी काय सहलीला निघालोय, पालकांची सही आणायला?"

"ती म्हणालीय, माझ्या मागे कुणाला..."

"पाय माझा गेला," मेव्हणा म्हणाला. "रागवायचा हक्कही माझा. तो ताईने उगाच स्वतःकडे ठेवून घेतलाय. पुढे तुम्ही, मागे मी. तसं जमणार नसेल तर ही भंगारात देऊन टाकतो, शेडमध्ये जागा तरी होईल."

तो आठवडा भिंगरीने कसा काढला ते त्याच्या कवळ्यांना विचारावं. दोन साचे त्याने वाफाळते असतानाच उघडले. शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, आजोबा बोलले की वरची कवळी खाली येते, आणि हसले की हातात येते. हे काय आहे?" भिंगरीने माफी मागितली आणि नवीन साचा लावला. खोलीला कुलूप घालून तो चौकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. पानवाला शेवटी म्हणाला, "काही हरवलंय का?"

भीती पडण्याची नव्हती. बावन्नाव्या वर्षी पडलो तर हाड जुळायला वेळ लागेल, एवढं त्यालाही कळत होतं. भीती होती ती समोरच्या उताराची. तो दिसला की आपण पुन्हा मागचं सगळं विसरू, कारण आपण आहोतच तसे, ही ती भीती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तो तर चांगला जिवंत होता.

शनिवारी त्याने बायकोला सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "भरदुपारी टेंपोतून गाडी आणायची आणि कुणाला दिसणार नाही म्हणायचं. तुम्ही दोघं अजून शाळेतच आहात."

"नको म्हणालीस तर नाही जात."

"नियम आठवतो का?"

"आठवतो."

"म्हणून दाखवा."

भिंगरीने पाढा म्हणावा तसा नियम म्हणून दाखवला. तिने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"तेव्हाही पाठ होता," ती म्हणाली आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी गाडी चौथ्या किकला सुरू झाली. पहिल्या तासात भिंगरीला कळलं की त्याला आठवतं सगळं, पण अंग ऐकत नाही. पेगवर उभं राहायला मांड्या थरथरत होत्या. दंड भरून येऊन बोटांना क्लच दाबवेना. एका साध्या ओढ्यात त्याने नको तिथे ब्रेक मारला आणि गाडीसकट आडवा झाला. मागून मेव्हण्याच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्याने काय झालं कोण जाणे, अंगातली गाठ सुटली. दुसऱ्या तासात गाडी हाताखाली येऊ लागली. तो दगडाकडे न बघता दगडापलीकडे बघायला लागला, आणि जिथे नजर तिथे चाक जाऊ लागलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याचा पाय उगाच हलत नव्हता. त्याला आनंद झाला होता, इतका की त्याची त्याला लाज वाटली.

असा तो दगडखाणीच्या फाट्यावर आला आणि थांबला.

इंजिन बंद केलं. घड्याळ बघितलं. दहा चाळीस. डावीकडे खाणीची वाट, उजवीकडे तोच लाल उतार. मागे वळण आणि झुडपं.

पहिलं मिनिट बरं गेलं. त्याने हेल्मेट काढलं, घाम पुसला. दुसऱ्या मिनिटाला त्याला उताराची आठवण झाली, पण बघावंसं वाटलं नाही. त्याचे कान मागे लागले होते. इंजिनाचा आवाज येत नव्हता. हळू येत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. घोटा आखडलेला आहे, टाचेने गिअर टाकतो, वेळ लागणारच. नियम पाच मिनिटांचा आहे. तीन-चार तास कळ काढली की कवळी नीट होते, मग इथे तर पाचच मिनिटं आहेत. त्याचा पाय हलायला लागला. गाडीचा स्टँड मातीत कुरकुरायला लागला. पाच मिनिटं, पाच मिनिटं, असं तो पुटपुटत राहिला, आणि तसंच पुटपुटत त्याने गाडी उलटी वळवली होती.

वळणापलीकडे पाण्याने खोदलेला एक चर होता. मेव्हणा त्यात पडला होता आणि गाडी त्याच्या उजव्या पायावर. धड पाय खाली अडकलेला, आणि ज्या पायाने रेटा द्यायचा तो घोट्यात वळत नव्हता. तापलेला सायलेन्सर मांडीला टेकला होता. पँटमधून धूर येत होता. मेव्हण्याला ओरडायलाही श्वास पुरत नव्हता.

भिंगरीने गाडी उचलली. कुठून जोर आला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. त्याने बाटलीतलं सगळं पाणी मांडीवर ओतलं. फोड तळहाताएवढा होता.

मेव्हण्याने बऱ्याच वेळाने मनगट वर करून घड्याळ बघितलं.

"मी पडलो तेव्हा दहा अडतीस झाले होते," तो म्हणाला. "फाट्यावर किती वेळ थांबलात?"

"तीन मिनिटं."

"नियम पाचचा आहे."

"मला थांबवेना," भिंगरी म्हणाला, आणि चिखलात बसून रडायला लागला. नऊ वर्षांपूर्वी म्हणायचं राहून गेलेलं सगळं त्याने तेव्हा म्हटलं, तुटक तुटक, नाक पुसत. मेव्हण्याने ते ऐकून घेतलं.

"झालं?" तो शेवटी म्हणाला. "आता मला उचला. आणि ताईला मी सांगणार. तुम्ही सांगायला गेलात तर घाईघाईत सगळी वाट लावाल."

डॉक्टरकडून पट्टी करून दोघं घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती. बायकोने दार उघडलं. आधी तिने भावाच्या पँटला पडलेलं जळकं भोक बघितलं, मग नवऱ्याकडे. मेव्हण्याने सगळं सांगितलं, चर, सायलेन्सर, घड्याळ. भोकातून दिसणारी पट्टी तिने दोन बोटांनी चाचपली.

"पाच मिनिटं थांबले असते तर?" तिने विचारलं.

"तर मांस गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले," मेव्हणा म्हणाला. या वेळी डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं होतं.

ती चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघरात बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

सोमवारी सकाळी भिंगरीला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. अंगाचा कण न् कण ठणकत होता. तरी शुक्रवारचा साचा पूर्ण गार झाला असणार, आज आजोबांची कवळी उघडायची, म्हणून तो लवकर आवरून बसला होता. बायको डबा भरत होती.

"आज बस चुकेल असं वाटतंय," ती म्हणाली.

भिंगरीने घड्याळ बघितलं. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. बसथांबा खिडकीतून दिसत होता.

तो उठला. खाली गेला. मागची सीट फडक्याने पुसली, मग शर्टाच्या बाहीने पुन्हा पुसली. स्कूटर सुरू केली आणि जिन्याच्या तोंडाशी आणून उभी केली. आठ वीसची बस आली आणि गेली. त्याचा पाय हलत होता, सारखा हलत होता. आठ बावीस झाले, चोवीस झाले. वर कुठेतरी कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पुन्हा बंद झाल्याचा. त्याचा अंगठा हॉर्नवर होता. त्याने तो वाजवला नाही.