नैवेद्याची वाटी

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा तिच्या ताटलीच्या काठावर रोज एक रांग लागायची. पोह्यातले मटार, उपम्यातली फरसबी, खिचडीतलं गाजर, असं जे जे म्हणून भाजी या सदरात मोडतं ते ती बोटांनी वेचायची आणि काठावर ओळीने मांडायची. तेवढी शिस्त तिने चपला ठेवताना दाखवली असती तर मी धन्य झाले असते. लपवाछपवीचा काही उपयोग नव्हता. पालक वाटून, गाळून कणकेत मळला, तर "पोळी हिरवी का आहे?" एवढंच विचारून ती पानावरून उठली.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना याची गंमत वाटायची. लिफ्टमध्ये भेटलेली प्रत्येक बाई मला एक उपाय सांगून तिसऱ्या मजल्यावर उतरून जायची. मला मात्र भीती वाटायची. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायच्या. साधी सर्दी झाली तरी ती आठवडाभर आडवी व्हायची. मुलांचे डॉक्टर तिला काट्यावर उभी करायचे, आकडा बघायचे आणि काही न बोलता पेनाचं टोपण लावायचे. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, कारण गप्प डॉक्टरांचा अर्थ मी घरी येईपर्यंत दहा तऱ्हांनी लावायची आणि दहाही तऱ्हा वाईट असायच्या.

ती एकाच गोष्टीला नाही म्हणत नसे, ती म्हणजे प्रसाद. हे माझ्या सासूबाईंचं काम. त्या आमच्याकडेच राहतात, रोजची पूजा त्यांची, आणि नातीला शेजारी पाटावर बसवून त्यांनी तिला पक्कं शिकवलं होतं की प्रसादाला नको म्हणायचं नाही, तो सांडायचा नाही आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. एका सणाला त्यांनी लाल भोपळ्याच्या घाऱ्यांचा नैवेद्य केला. माझ्या मुलीने दोन घाऱ्या मुकाट्याने खाल्ल्या. भोपळा पोटात गेला होता आणि रांग लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी घेवड्याची भाजी छोट्या चांदीच्या वाटीत काढून देवापुढे ठेवली.

"रोजची भाजी दाखवायची देवाला? आणि उद्या काय, कारलं?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याची कधी तक्रार ऐकलीय का तुम्ही?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण वाटीभोवती पाणी फिरवलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि डोळे मिटले. मुलीनेही मिटले. मग ती वाटी तिच्या हातात आली आणि तिने घेवडा खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर आमच्याकडे हाच रिवाज पडला. ती दुपारी शाळेतून आली की हातपाय धुऊन नैवेद्याची वाटी. आम्ही दोघी नंतर सावकाश जेवायचो. सासूबाईंची अट एकच होती: नैवेद्य खरा असायला हवा. म्हणजे तो दाखवून होईपर्यंत भाजी चाखायची नाही, मीठसुद्धा अंदाजाने घालायचं. मला ते मान्यच होतं. मुलगी गवार खात होती, दोडका खात होती, तिच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं होतं. उष्टं न करण्याची अट मला फारच स्वस्त वाटली.

दुधी चिरताना आधी एक फोड जिभेवर ठेवून बघायची, ही माझ्या आईची सवय. तिच्यामुळे मलाही ती लागली होती. पण देवाच्या भाजीतली फोड कशी चाखायची? म्हणून त्या दुपारी मी दुधी तसाच चिरला. कोवळा, नखाने सहज टोचला जाणारा, दिसायला देखणा. हरभऱ्याची डाळ, गोडा मसाला आणि गुळाचा खडा घालून भाजी केली, वाटीत काढली आणि मुलीला हाक मारली.

ती हळूहळू खात होती. मध्येच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट लागलं का गं?" मी विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि पुढचा घास घेतला. वाटी रिकामी झाली. मी तिचा वाटीसकट फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला. मग लॅपटॉप उघडून माझ्या मीटिंगमध्ये जाऊन बसले, कानांवर हेडफोन लावून.

सासूबाईंनी येऊन तो हेडफोन ओढून काढला तेव्हा मला कळलं की काहीतरी वेडंवाकडं झालंय, कारण त्या माझ्या कामात कधी येत नाहीत. मुलगी मोरीपाशी बसली होती. पहिली उलटी झाली, मग दुसरी, मग मोजण्याच्या पलीकडे. पोटाला हात लावू देत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि तळवे गार. मी म्हणत होते, पित्त असेल, ऊन लागलं असेल. मग पुढच्या उलटीत लाल दिसलं.

साखरमिठाचं पाणी करायला मी ओट्याशी गेले. कढईत भाजी तशीच होती. बोटाला लागेल एवढी मी जिभेवर ठेवली. असा कडूपणा मी आयुष्यात चाखलेला नाही. थुंकले, चूळ भरली, तरी तो घशात बसून राहिला. कडू दुधी विषारी असतो, म्हणून तर आई फोड चाखायची. मी मुलीला तशीच उचलली.

रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. कर्वे रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती आणि प्रत्येक सिग्नल आमच्यासमोरच लाल होत होता. सासूबाई नेसत्या साडीनिशी, उपाशी, तिचे पाय चोळत होत्या. मुलगी आता रडतही नव्हती. तेच मला सहन होईना. मी तिला हलवून म्हणत होते, बोल ना गं, काहीतरी बोल. ती मरेल, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मग दुसरा कुठलाच येईना.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं, सलाईन लावलं, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला.

"काय खाल्लं होतं?"

"दुधी," मी म्हणाले.

"कडू होता? आणि तुम्ही कुणी चव नाही बघितली?"

सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्याचा होता."

डॉक्टरबाई मुलीवर वाकल्या. "बाळा, भाजी कडू लागली होती का?"

तिने मान डोलावली.

"मग आईला सांगायचं नाही का?"

"प्रसाद होता," ती म्हणाली. एवढं बारीक म्हणाली की डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तो शब्द पुन्हा उच्चारून दाखवला.

यावर उतारा म्हणून वेगळं औषध नसतं, हे त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. सलाईन द्यायचं, रक्तदाब सांभाळायचा, रक्त थांबतंय का ते बघायचं. "पोट केवढं आणि खाल्लंय केवढं, त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "वाट बघू या."

पोट किती लहान आहे ते मला माहीत होतं. आणि वाटी पूर्ण रिकामी झाली होती, त्याचा फोटोच होता. नवरा धावत आला आणि म्हणाला, "अगं, पण दुपारी तर ठीक होती ना?" त्याच्या हातात अजून मोबाइल होता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की पलीकडच्या खाटांवरचे लोक उठून बसले. सासूबाई खुर्चीत बसून होत्या. जपाची माळ सोबत आली होती, पण ती मुठीत नुसतीच धरलेली होती. त्या म्हणाल्या, "नावं ठेवू नकोस, असं मीच शिकवलं तिला." तिला सगळ्यांना नावं ठेवणारी मुलगी म्हणून वाढवण्याची एवढी इच्छा मला त्याआधी कधी झाली नव्हती.

उलट्या थांबल्या. ती झोपली. झोपल्यावर मला जास्त भीती वाटली. मी सारखं तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास लागायचा, बोट काढायची, आणि लगेच वाटायचं की आता थांबला असेल.

सकाळी डॉक्टरबाई येऊन तपासून गेल्या. रक्तदाब ठीक होता, रात्रीतून रक्त पडलं नव्हतं. "आता थोडं मऊ खायला द्या," त्या म्हणाल्या. ताटलीत मुगाची गुरगुट खिचडी आली. तिच्यात गाजराचे बारीक तुकडे होते. मी चमचा भरला, आधी स्वतः खाल्ला आणि मग तिच्यापुढे धरला. तिने तोंड उघडलं नाही. आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हा प्रसाद आहे?" तिने विचारलं.

"नाही गं राणी," सासूबाई म्हणाल्या. "ही नुसती खिचडी आहे."

तिने थोडा विचार केला. मग सलाईन नसलेला हात पुढे करून खिचडीतला गाजराचा एक तुकडा वेचला आणि ताटलीच्या काठावर ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. सासूबाईंनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या बोटांजवळ धरून बसल्या, तिची रांग पूर्ण होईपर्यंत.