दिवस भरत आले की

प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या बाईला चारचौघींत बसवू नये! हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, सांगा ना काहीतरी." मग एकातून दुसरं निघतं, आणि वाटीतली आंबाडाळ संपली तरी माझं संपत नाही.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे रत्नागिरीत आमचा बायकांचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई, मी नर्स आणि गंगूमावशी आया, एवढाच स्टाफ. बायका यायच्या त्या बहुतेक प्रकरण हाताबाहेर जायला लागल्यावर. तुम्हाला ऐकताना हसू येईल, पण त्या त्या वेळी हसायचं कुणाला सुचत नसे.

*

केळशीची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला आठवा महिना, पाय सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. सासू हटून बसली, "मलाही ऐकवा."

ऐकवलं. सासूचा चेहरा पांढराफटक! "अगो बाय, हे तर घोड्यासारखं धावतंय! पोर भ्यालंय!"

"आजी, पोटातल्या बाळाचं काळीज असंच चालतं. आपल्या दुप्पट म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूनं मान डोलावली. थोड्या वेळानं वॉर्डात जाऊन बघते, तर ती सुनेच्या पोटाला पंख्यानं वारा घालत बसलेली!

"दमलं असेल हो. एवढं धावायचं म्हणजे!"

*

संगमेश्वराकडची एक पोरसवदा मुलगी बैलगाडीतून आली ती थरथरतच. "बाई, पोटात बाळाला झटके येतायत!" शेजारणीचं मूल झटक्यांनीच गेलेलं, त्यामुळं तिच्या आईनं रडणंच मांडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला. खरंच, एका लयीत टुक, टुक उडत होतं. बाई गंभीर.

मग त्या हसल्या. "अगं, उचक्या लागल्यात त्याला! बाहेर आल्यावर श्वास घ्यायचाय ना, छाती आत्तापासून तालीम करतेय."

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पण ह्याची आठवण कोण काढणार? अजून कुणी बघितलंय कुठं?"

गंगूमावशी लादी पुसतच म्हणाली, "बापूस मुंबईस नाय काय त्याचा?"

*

नाटे गावच्या एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाची, बायको. नववा लागला तरी बाळाचं डोकं वरच. पायाळू मूल म्हणजे त्या काळी दोघांच्या जिवाशी खेळ! डॉक्टरीणबाईंनी पोटावरूनच, हलक्या हातानं बाळ फिरवायला घेतलं. मी नळीला कान लावून. ठोके मंदावले की मी हात वर करायचा आणि बाईंनी थांबायचं. दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा वाटलं, संपलं. शेवटी फिरलं!

दुसऱ्या दिवशी तपासलं, तर स्वारी पुन्हा डोकं वर करून!

पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. बाईंनी नाद सोडला. आणि पुढच्या आठवड्यात बघतात तर डोकं खाली, आपलं आपण!

तांडेलीण म्हणाली, "सासऱ्यांवर गेलंय! सांगितलं की ऐकायचं नाही, आणि मनात आलं की कुणाला विचारायचं नाही!"

*

आठव्या महिन्यात झालेलं मूल जगत नाही, अशी लोकांची पक्की समजूत. एका आंबेवाल्या बागायतदाराच्या लेकीला आठव्यातच कळा आल्या. पोर झालं ते वीतभर, सुरकुतलेलं, पाठीवर मऊ लव. शेवटच्या महिन्यात अंगावर चरबी धरते, ती धरलीच नव्हती. ऊब टिकेना, ओठ निळे पडायला लागले.

यंत्रबिंत्र कुठलं! डॉक्टरीणबाईंनी आंब्याची पेटी मागवली, आत कापूस घातला, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि पोराला मध्ये निजवलं. बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजायचं. बाटल्या निवायच्या आत बदलायच्या. घरची माणसं सारखी डोकावून कापूस उचकटायची. बाई ओरडून थकल्या.

शेवटी आजोबा आत आले. पेटीकडे बघत राहिले.

"आंबे पिकवायची अढी लावलीत होय!" म्हणाले. "आधी नाही का सांगायचं? अढीत हात घातला की माल गेलाच!"

आणि दारात काठी घेऊन बसले. पोर बाळसं धरेपर्यंत जावयालासुद्धा आत सोडलं नाही!

*

आणि ही येसू, जयगडची. नवरा मुंबईच्या आगबोटीवर खलाशी. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस भरत आले आणि एका सकाळी बाळ हलेचना. होडीनं, मग गाडीनं, येईपर्यंत दुपार झाली.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. जागा बदलली. पुन्हा बदलली. मग नळी माझ्या हातात दिली. मला ऐकू आले ते फक्त येसूचे स्वतःचे ठोके.

"बाई, बोला ना काहीतरी," येसू म्हणाली.

नळी परत घेऊन बाईंनी पोटाच्या कडेला टेकवली, कान लावला.

तेवढ्यात बंदरात मुंबईच्या आगबोटीचा भोंगा वाजला.

येसूचं पोट असं उसळलं, की नळी बाईंच्या कानाखालून निसटून खाली पडली!

बाईंनी ती उचलली, उसळी आली तिथंच लावली. ठोके! खणखणीत! गंगूमावशी दाराशी पदरात तोंड घालून रडायला लागली. पुढं मुलगी झाली, गुटगुटीत, सगळा दवाखाना डोक्यावर घेणारी.

पण त्या दुपारी येसूचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. पोटावरून हात फिरवत ती हळूच म्हणत होती, "बोट ऐकली हां, ऐकली. येतील हो ते. नीज आता."